हाक एकाला, 'ओ' दुसऱ्याची: टॉवर नसलेल्या विमानतळांवरच्या टकरी

पश्चिमवारा

मागच्या महिन्यात पुण्याहून मेहुणे आले होते. त्यांना हौसेने आमच्या जवळच्या छोट्या विमानतळावर घेऊन गेलो. (मी इलिनॉयमध्ये पिओरियाजवळ राहतो. नोकरी कारखान्यात. सहा वर्षांपूर्वी खासगी वैमानिकाचा परवाना काढला, तेव्हापासून शनिवार-रविवार आणि बचत दोन्ही हवेत.) मेहुण्यांनी चारी दिशांना मान फिरवली आणि विचारलं, "टॉवर कुठंय?"

म्हटलं, नाही.

"मग उतरायची परवानगी कोण देतं?"

कोणीच देत नाही. आपणच रेडिओवर सांगायचं, मी इथे आहे, असं असं करतोय. बाकीच्यांनी ऐकायचं, बघायचं आणि आपापली वाट काढायची. मेहुणे विमानात बसले खरे, पण पाऊण तास सीटची कड सोडली नाही.

त्यांची भीती अगदीच खुळी नव्हती, म्हणून हा धागा.

अमेरिकेत सर्वांना खुले असे साधारण ५,००० विमानतळ आहेत. टॉवर असलेले पाचशेच्या थोडे वर. त्यांतलेही बरेच टॉवर रात्री कुलूप लावून घरी जातात आणि तो विमानतळ सकाळपर्यंत आमच्यासारखाच होतो. अशा ठिकाणी एक सामायिक फ्रिक्वेन्सी असते. तिच्यावर आधी गावाचं नाव, मग आपण कोण, कुठे, किती उंचीवर, काय करणार, आणि शेवटी पुन्हा गावाचं नाव. गाव दोनदा अशासाठी की त्याच फ्रिक्वेन्सीवर पंचक्रोशीतले आणखी चार विमानतळ बोलत असतात. धावपट्टीभोवती एक आयताकृती फेरी ठरलेली, सहसा जमिनीपासून १,००० फुटांवर आणि डावी वळणं घेत. यातल्या बहुतेक ठिकाणी विमानात रेडिओ असलाच पाहिजे असा कायदा नाही. जुनी, बिनविजेची विमानं आजही मुकाट्याने येतात आणि मुकाट्याने जातात.

आता क्विन्सीची गोष्ट. आमच्यापासून शंभरेक मैलांवर, मिसिसिपीच्या काठी. १९ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळचे पाच, तिन्हीसांजेची वेळ. शिकागोहून आयोवातल्या बर्लिंग्टनमार्गे युनायटेड एक्स्प्रेसचं बीचक्राफ्ट १९०० येत होतं. १० प्रवासी, २ वैमानिक. त्यांना धावपट्टी १३ वर उतरायचं होतं. त्याच वेळी धावपट्टी ४ च्या टोकाला एक किंग एअर (दोन इंजिनांचं छोटं विमान) उड्डाणासाठी उभं होतं, आत दोघं. त्याच्या मागे रांगेत एक छोटं पायपर चेरोकी. या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. मुंबईच्या ०९/२७ आणि १४/३२ छेदतात, तशाच.

बीचक्राफ्टने येताना अनेकदा घोषणा केल्या. अगदी शेवटी, जमीन जवळ आलेली असताना कॅप्टनने सरळ विचारलं: ४ वर उभं असलेलं विमान थांबणार आहे की निघणार आहे?

किंग एअर गप्प.

उत्तर दिलं मागच्या चेरोकीवाल्याने. अनुभव थोडका, बिचाऱ्याला वाटलं आपल्यालाही विचारलंय. आपला नंबर सांगून तो म्हणाला की मी ४ वर उड्डाणासाठी थांबलोय, आणि पुढे किंग एअरचा उल्लेख केला. तो किंग एअरच्या मागे होता ना! पण नेमकं त्या वाक्याच्या मध्येच बीचक्राफ्टच्या कॉकपिटमधल्या यंत्राने उंची पुकारली, "दोनशे". मधले शब्द त्याखाली दबले. कानावर उरलं ते एवढंच: थांबलोय, ४ नंबर, किंग एअर. बीचक्राफ्टने आभार मानले, आम्ही आत्ता चौकातून पुढे जातो म्हणाले, आणि चाकं टेकवली.

किंग एअर जवळपास मिनिटभर उभं होतं. ते आता निघालं. दोघांची गाठ बरोबर चौकात पडली.

१४ च्या १४ गेले. त्यांतली जीवघेणी गोष्ट अशी की बीचक्राफ्टमधले लोक धडकेने मेले नाहीत. विमानतळावरचे काही वैमानिक धावत पोचले, तेव्हा कॅप्टन खिडकीतून बोलत होती, दार उघडा म्हणत होती. दार उघडलं नाही. विमानतळावर अग्निशमनाची सोय नव्हती, कारण ३० किंवा त्याहून कमी आसनांच्या विमानांसाठी तेव्हा ती सक्तीची नव्हती. गावातला बंब पोचेपर्यंत आगीने आणि धुराने सगळं संपवलं होतं.

तपास मंडळाने मुख्य ठपका किंग एअरवर ठेवला. ना फ्रिक्वेन्सी नीट ऐकली, ना बाहेर नीट पाहिलं. चेरोकीच्या तुटक बोलण्याने झालेला गैरसमज, न उघडलेलं दार आणि नसलेला बंब ही पुढची कारणं.

मला मात्र वेगळंच छळतं. आपण म्हणतो, संपर्क तुटला आणि अपघात झाला. इथे संपर्क तुटला असता तर बरं झालं असतं! उत्तरच आलं नसतं तर कॅप्टनने पुन्हा विचारलं असतं, नाहीतर बहुधा वर उठून एक फेरी मारली असती. हाक मारली एकाला, ओ दिली दुसऱ्याने, आणि ती ओ आपल्याला हवी होती तशीच निघाली. आणखी एक बारकावा: आधी किंग एअरमधून बाईचा आवाज येत होता, उत्तर आलं पुरुषाच्या आवाजात. उतरण्याच्या घाईत ते कोणाच्या लक्षात राहणार?

---

निवांत_नाना

वाचून सुन्न. त्या नोव्हेंबरमधलं मला फक्त चरखी दादरी आठवतं. १२ तारखेला ना? सौदी आणि कझाक विमानं, ३४९ माणसं. मी तेव्हा दिल्लीत होतो, पेपरांत आठवडाभर दुसरं काही नव्हतं. त्यानंतर सातच दिवसांनी हे झालं आणि आपल्याला पत्ताही नाही.

---

शंकासूर

लेख उत्तम, पण मूळ प्रश्न सुटत नाही. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशाला साडेचार हजार टॉवर बांधता येत नाहीत? ही तर आपल्या घाटातली पद्धत झाली. आंधळ्या वळणावर हॉर्न दे आणि देवाचं नाव घेऊन घाल गाडी पुढे. समोरचा कानात इयरफोन घालून बसला असेल तर?

---

पश्चिमवारा

@शंकासूर, घाटाची उपमा चपखल आहे, फक्त एक फरक. घाटात दोन्ही गाड्यांना थांबता येतं. विमानाला थांबणं हा पर्यायच नसतो.

आणि साडेचार हजार टॉवरांपैकी बहुतेकांत नियंत्रक दिवसभर माशा मारत बसेल. आमच्याकडे मंगळवारी दुपारी तासाला एखादं विमान येतं, शनिवारी सकाळी मात्र जत्रा असते. नेमणूक मंगळवारच्या हिशोबाने करायची की शनिवारच्या?

---

रडारकाका

निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक. ३१ वर्षं हेच काम केलं, शेवटची अकरा महाराष्ट्राबाहेर. म्हणून थोडं लांबवतो, कंटाळलात तर पुढे जा.

नाना, चरखी दादरी हे या धाग्याचं बरोबर उलटं टोक आहे. तिथे नियंत्रक होता, रडार होतं, दोन्ही विमानांना वेगवेगळी उंची दिलेली होती. कझाक विमान १५,००० फुटांवर राहायचं ते खाली आलं. ऐकलेलं आणि समजलेलं यांत अंतर पडलं.

शंकासूर, टॉवर म्हणजे तुळशीवृंदावन नव्हे की अंगणात असलं म्हणजे बाधा होत नाही. १ फेब्रुवारी १९९१, लॉस एंजेलिस. जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या टॉवरांपैकी एक. नियंत्रक बाईंनी एक छोटं विमान धावपट्टीवर उभं केलं, त्या विसरल्या आणि त्याच धावपट्टीवर मोठ्या जेटला उतरवलं. ३५ मेले. २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा. तटरक्षक दलाचं विमान धावपट्टीवर जाऊन थांबलं आणि जपान एअरलाइन्सचं एअरबस त्याच्यावरच उतरलं. छोट्यातले ५ गेले, मोठ्यातले ३७९ च्या ३७९ वाचले. आणि २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीवर हेलिकॉप्टर आणि प्रवासी विमान, ६७. तिथेही टॉवर जागाच होता.

'ओ'चा मुद्दा मात्र शंभर टक्के पटला. टेनेरीफ आठवा, १९७७. केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन विमानं धावपट्टीवर आदळली. आजवरचा सगळ्यात मोठा अपघात, ५८३. टॉवर केएलएमला थांब म्हणत होता, त्याच क्षणी पॅन अ‍ॅम म्हणालं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोघं एकाच वेळी बोलल्यामुळे केएलएमच्या कानात शिट्टी वाजली. शिट्टीच्या आधी ऐकू आलेला एकच शब्द होता, "ओके".

---

शंकासूर

काका, मग टॉवर असून नसून सारखाच म्हणायचा का?

---

रडारकाका

अजिबात नाही. क्विन्सीला टॉवर असता तर नियंत्रकाने किंग एअरचं नाव घेऊन सांगितलं असतं, जागेवर थांब. आणि किंग एअरने आपलं नाव घेऊन ते वाक्य परत म्हणेपर्यंत तो गप्प बसला नसता. आमच्या धंद्यात नुसत्या 'हो'ला किंमत नाही. कोणाचा 'हो' ते आधी. माझे पहिले वरिष्ठ होते, नवीन पोराने "रॉजर" (म्हणजे 'निरोप मिळाला') एवढंच ऐकून पुढचं विमान हाती घेतलं की पट्टीने टेबलावर आपटायचे आणि म्हणायचे, "रॉजर कोण? तुझा मामा?"

खर्चाबद्दल धागाकर्त्याशी सहमत. मधला मार्ग निघतोय. स्वीडनमध्ये २०१५ पासून अर्नशोल्ड्सविकच्या विमानतळावर फक्त कॅमेऱ्यांचा खांब आहे, नियंत्रक बसतो सुंड्सवाल शहरात. पण त्यालाही माणूस लागतोच.

---

चिंगी

एक बाळबोध प्रश्न. सगळ्या विमानांत ते टक्कर टाळणारं यंत्र असतं ना? आपोआप "वर जा, खाली जा" सांगणारं?

---

मेल्बर्नकर

@चिंगी, प्रश्न बाळबोध नाही. त्याचंच उत्तर घेऊन आलोय.

मी ऑस्ट्रेलियात उडायला शिकलो. धावपट्टीभोवतीच्या ज्या फेरीला तुम्ही अमेरिकन लोक पॅटर्न म्हणता तिला आम्ही सर्किट म्हणतो, आणि आमचंच बरोबर आहे. (ह. घ्या.)

१९ फेब्रुवारी २०२०, मँगलोर.

---

चिंगी

थांबा, मंगळूरला २०२० मध्ये टक्कर? मला तर २०१० चा घसरलेला विमान-अपघात आठवतोय.

---

मेल्बर्नकर

वाटलंच होतं. हे मँगलोर व्हिक्टोरिया राज्यातलं, मेल्बर्नच्या उत्तरेला. तिथे धावपट्टी आहे आणि वैमानिक घडवणारी शाळा. आपल्याकडची खूप मुलं या भागात शिकायला येतात, म्हणून सांगतो.

त्या दिवशी एक जुळ्या इंजिनाचं पायपर सेमिनोल तिथून उडालं होतं आणि एक बीचक्राफ्ट ट्रॅव्हल एअर तिकडे येत होतं. दोन्हींत दोन-दोन माणसं. दोन्ही ढगातून उडण्याच्या, म्हणजे यंत्रांवर विसंबून उडण्याच्या नियमांखाली. त्या हवेत नियंत्रक विमानांना वेगळं ठेवत नाही, फक्त माहिती देतो की तिकडून एक येतंय. ती माहिती दोघांनाही मिळाली होती. पुढचं एकमेकांशी बोलून त्यांनीच ठरवायचं. सुमारे ४,१०० फुटांवर, विमानतळाच्या दक्षिणेला ८ किलोमीटरवर आदळले. चारही गेले. दोन्ही विमानं या नियमांखाली असताना झालेली ऑस्ट्रेलियातली ही पहिलीच टक्कर.

आता यंत्र. दोन्ही विमानं आपली जागा रेडिओने पाठवत होती. दुसऱ्याची जागा पडद्यावर दाखवणारी सोय कॉकपिटमध्ये नव्हती. म्हणजे दोघंही ओरडतायत आणि दोघांच्याही कानात बोळे. तपास संस्थेने नंतर हिशोब मांडला, तर तो पडदा असता तर नजरेपेक्षा कितीतरी आधी सावध करता आलं असतं. आता इथे खिशात मावणारी छोटी यंत्रं मिळतात. मी तेव्हापासून त्याच्याशिवाय उडत नाही.

---

पश्चिमवारा

पुरवणी जोडतो. प्रवासी जेटमध्ये चिंगी म्हणतायत ते यंत्र असतं, पण जमिनीपासून साधारण १,००० फुटांच्या खाली ते "वर जा, खाली जा" सांगणं बंद करतं. नाहीतर उतरताना ते भलत्याच गोष्टी ओरडेल. म्हणजे टक्कर व्हायची सगळ्यात जास्त शक्यता जिथे, तिथेच ते गप्प. शिवाय, ज्या विमानाचा ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र) बंद आहे किंवा मुळात नाहीच, ते त्याला दिसतच नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून जागा पाठवणारं उपकरण बऱ्याच नियंत्रित हवेत सक्तीचं झालं, पण बऱ्याच छोट्या विमानतळांभोवती त्याच्याशिवायही उडता येतं.

आणि कोणाला वाटत असेल की हे आमच्यासारख्या हौशी लोकांचं दुखणं, तर कोलोरॅडोतलं हेडन बघा. स्कीइंगचा हंगाम, २२ जानेवारी २०२२, जेटब्लूचं एअरबस ३२०. तेव्हा तिथे टॉवर नव्हता. जेट १० नंबरच्या दिशेने धावायला लागलं. समोरून एक किंग एअर (पुन्हा किंग एअरच, योगायोग) २८ वर, म्हणजे त्याच धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाने येत होतं आणि तसं सांगतही होतं. जेटवाल्यांच्या मनात मात्र पक्कं बसलं होतं की ते आपल्या मागून, १० वरच येणार. समोर दिवे दिसल्यावर कॅप्टनने दचकून नाक इतकं वर उचललं की शेपूट धावपट्टीला घासलं. नंतर डेन्व्हरला उतरले, कोणाला खरचटलंही नाही. "२८" हा आकडा कानात शिरला, पण मनाने "१०" ऐकला.

---

अबोली७

सगळे प्रतिसाद वाचतेय आणि पोटात गोळा येतोय. माझा मुलगा याच वर्षी फ्लाइंग शिकायला बाहेर गेलाय. त्याच्याही शाळेच्या विमानतळाला टॉवर नाही. तो म्हणतो, "आई, खिडकी असते ना, दिसतं की समोरचं." खरंच दिसतं का हो?

---

पश्चिमवारा

अबोलीताई, घाबरवत नाही, पण खरं सांगतो. दिसतं, पण आपल्याला वाटतं तेवढं नाही.

अमेरिकन विमान खात्याचा जुना हिशोब आहे. समोरची वस्तू डोळ्याला दिसणं, विमान आहे हे कळणं, टक्कर होणार हे उमगणं, काय करायचं ते ठरवणं, हात हलणं आणि विमानाने ऐकणं, सगळं मिळून १२.५ सेकंद. आता दोन छोटी विमानं समोरासमोर, प्रत्येकी ९० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १६५ किलोमीटर. साडेबारा सेकंदांत ती मिळून साधारण १,१५० मीटर अंतर कापतात. अशा छोट्या सेसना विमानाच्या पंखांची लांबी ११ मीटर. १,१५० मीटरवरून ती केवढी दिसते? जेमतेम पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाएवढी. पण चंद्र भरलेला असतो. हे विमान म्हणजे त्या व्यासाची एक आडवी सुताएवढी रेघ आणि मध्ये एक ठिपका, तोही खालच्या शेतांच्या आणि छपरांच्या पसाऱ्यात. त्यानंतर दिसलं तर उशीर झाला.

दुसरी अडचण विमानाच्याच अंगाची. काहींचे पंख छतावर असतात, काहींचे पोटाखाली. वरच्या पंखांच्या विमानातून वरचं दिसत नाही, खालच्या पंखांच्या विमानातून खालचं दिसत नाही. उतरताना खाली वरच्या पंखांचं आणि त्याच्या डोक्यावर खालच्या पंखांचं आलं, तर दोघंही एकमेकांना दिसत नाहीत आणि हळूहळू एकमेकांवर बसतात.

तिसरी अडचण सगळ्यात घातकी. जे विमान आपल्याला धडकणार असतं ते काचेवर सरकत नाही. एका जागी ठिपका बनून बसतं आणि शेवटच्या क्षणी एकदम मोठं होतं. आपली नजर हलणाऱ्या गोष्टी पकडते, न हलणाऱ्या नाही.

---

गलबत

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. मर्चंट नेव्हीत आहे, मूळ रत्नागिरी. धागाकर्त्याने शेवटी जे लिहिलंय ते आम्हाला पहिल्या वर्षी घोकून घेतात. समोरच्या जहाजाचं बेअरिंग (आपल्याकडून दिसणारी त्याची दिशा) बदलत नाही आणि अंतर कमी होतंय म्हणजे टक्कर होणार. संशय आला तरी टक्कर होणार असंच धरून चालायचं. आमच्याकडे विचार करायला दहा मिनिटं असतात, तरी लोक आदळतात. साडेबारा सेकंद वाचून घाम फुटला.

एक विचारतो. समुद्रावर कोणी कोणाला वाट द्यायची ते ठरलेलं असतं. हवेत?

---

मेल्बर्नकर

ठरलेलं असतं. उतरायला शेवटच्या टप्प्यात असलेल्याला आधी वाट. दोघंही उतरत असतील तर खाली असलेल्याचा हक्क आधी. पण म्हणून मुद्दाम खाली जाऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही, हेही नियमातच लिहिलंय. नियम लिहिणाऱ्याने पीएमपीच्या स्टॉपवरची रांग पाहिलेली असावी.

---

पश्चिमवारा

आणि नियम, रेडिओ, डोळे सगळं असूनही व्हायचं ते होतं. कॅलिफोर्नियातलं वॉटसनव्हिल, १८ ऑगस्ट २०२२. छोटं दोन आसनी सेसना १५२ फेरी मारून उतरत होतं. दोन इंजिनांचं सेसना ३४० फेरी न घेता लांबून सरळ रेषेत घुसलं, साधारण १८० नॉटने, म्हणजे ताशी ३३० किलोमीटर. दोघंही रेडिओवर बोलत होते. १५२ च्या वैमानिकाने शेवटी सांगितलं की तू माझ्यावर फार वेगाने येतोयस, मी परत वर जातो. काही सेकंदांत धडक. तिघं गेले. चूक मोठ्या विमानाची ठरली.

सरळ घुसणं बेकायदा नाही. पण फेरीतल्या चार माणसांचे डोळे चारी बाजूंना असतात आणि हा एकटा भलत्याच कोपऱ्यातून, दुप्पट वेगाने येतो. मला हा प्रकार मनापासून आवडत नाही. वेळ वाचतो तो तीन-चार मिनिटं.

---

शंकासूर

मग साधा उपाय. आल्याबरोबर ओरडून विचारायचं, "इथे कोण कोण आहे, हात वर करा."

---

पश्चिमवारा

हाहा. लोक हेच करायचे! "परिसरात आणखी कोणी असल्यास कृपया कळवावे." विमान खात्याच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की हे वाक्य वापरू नका. एकदम पाच जण उत्तर देतात, सगळ्यांची मिळून काकांनी सांगितलेली ती शिट्टी होते, आणि त्या पाचही जणांना आपलं ऐकलं गेलं असं वाटतं. त्यापेक्षा दहा मैलांवर असल्यापासून गप्प राहून ऐकायचं. कोण काय म्हणतंय त्याचं चित्र मनात तयार करायचं आणि मगच आपण बोलायचं.

@अबोलीताई, मुलाला एवढंच विचारा की कानावर आलेला प्रत्येक आवाज तो कुठल्या विमानाशी जोडतो, आणि ते विमान त्याला दिसलंय का. मी गुडघ्यावरच्या कागदावर लिहितो. आवाज, नंबर, कुठे. दिसलं की बरोबरची खूण.

---

अबोली७

काल फोनवर विचारलं. आधी "आई, तुला हे कोणी सांगितलं?" म्हणून हसला. मग म्हणाला, त्यांच्या प्रशिक्षक बाई अगदी हेच करून घेतात. एकदा त्याने नंबर न सांगता नुसतं "थांबलोय" म्हटलं, तर त्यांनी रेडिओवरच विचारलं, "कोण थांबलंय?" सगळ्यांनी ऐकलं. दोन दिवस तोंड लपवत फिरत होता.

---

रडारकाका

बाईंना माझा नमस्कार कळवा. पट्टीही पाठवून देतो.

---

निवांत_नाना

धागाकर्ते, एक राहिलं. क्विन्सीच्या बंबाचं पुढे काय झालं? त्या गोष्टीने रात्री झोप लागली नाही.

---

पश्चिमवारा

नाना, वेळ लागला. २००४ मध्ये नियम बदलले आणि १० ते ३० आसनांच्या नियमित सेवा जिथे येतात त्या विमानतळांनाही अग्निशमन आणि बचावाच्या अटी लागू झाल्या. आठ वर्षं गेली मधे. क्विन्सीला मी गेलोय, दोनदा उतरलोय. टॉवर तिथे आजही नाही. पहिल्या वेळी चौक ओलांडताना नको तेवढं उजवीकडे बघत बसलो, तर चाकं मध्यरेषा सोडून गेली.

आणि आज शनिवार, सकाळीच उडून आलो. परत येताना कागदावर तीन आवाज. दोन विमानं दिसली, तिसरं काही केल्या सापडेना. शेवटच्या टप्प्यावर आहे म्हणत होतं आणि गावाचं नाव दोन्ही वेळा घरघरीत गेलं. उतरलो नाही. पूर्वेला जाऊन घिरट्या घालत बसलो. पंधरा मिनिटांनी ते पुन्हा बोललं तेव्हा नाव नीट ऐकू आलं. पन्नास मैलांवरचं भलतंच गाव निघालं.

---

शंकासूर

पेट्रोल किती जळलं?

---

पश्चिमवारा

दोन गॅलन. हा धागा बायको वाचत नाही, तेवढं बरं आहे.